फिरायला निघताना पासपोर्ट खिशात की खोलीवर? तुमचे अनुभव सांगा

पुढच्या महिन्यात मी, बायको आणि आई जपानला चाललो आहोत. तिकिटं झाली, व्हिसा आला, आणि आता घरात दोन तट पडलेत. सासरे म्हणतात, पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत टाका आणि मोकळ्या हातानं हिंडा. मित्र म्हणतो, अंगावेगळा करूच नको. आईचं तिसरंच. तिनं पंढरीच्या वारीत इतकी वर्षं पैसे कनवटीला लावून नेले, कधी रुपया हरवला नाही. तिला मुळात हा प्रश्नच कळत नाही. अंबाजोगाईत आमच्या ओळखीत जपान बघून आलेलं कुणी नाही, म्हणून इथं विचारतोय. ऐकीव नको, स्वतःवर गुदरलेलं सांगा. देश कोणताही चालेल.

लातूरहून

माझा गेलाय, म्हणून आधी मीच बोलतो. 2019, पॅरिस. टूरवाल्यानं बसमध्ये बजावलं होतं की मेट्रोत पाकीटमार फार, पिशव्या पुढं घ्या. मी घेतली पुढं. पण बायकोच्या खांद्यावरची पर्स मागं होती आणि दोघांचे पासपोर्ट तिच्यात. मीच ठेवायला दिले होते, "बाईमाणसाजवळ कागद नीट राहतात" म्हणून. डब्यात तीन-चार पोरी नकाशा उघडून रस्ता विचारायला आल्या. पुढच्या स्टेशनवर उतरल्या. पर्सची चेन उघडी.

सगळ्यात वाईट म्हणजे झेरॉक्स पण त्याच पर्समध्ये होती. पोलीस चौकीत पासपोर्ट नंबर विचारला, तर आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघायलो. शेवटी लातूरला भाच्याला उठवलं, त्यानं कपाट उघडून व्हिसाच्या फायलीतली प्रत मोबाईलवर पाठवली. आपल्याकडं तेव्हा पहाटेचे चार.

त्यात तो शनिवार. दूतावास सोमवारी उघडणार आणि टूर रविवारी सकाळी स्वित्झर्लंडला निघणार. बरोबरचे म्हणाले, चला की, बसनं जाताना सीमेवर कोण अडवतंय? पण पुढं अडकलो तर? नाही गेलो. सोमवारी पोलिसांचा कागद, फोटो, अर्ज असं सगळं दिलं आणि इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळालं. त्यावर फक्त भारतात परत येता येतं, पुढं कुठं फिरता येत नाही, हे मला तिथं कळलं. आल्प्सचा बर्फ आमच्या नशिबी नव्हता. बरोबरच्यांनी ग्रुपवर टाकलेले फोटो बघितले तेवढंच.

पुढचं ऐका. गावी आल्यावर पंधरा दिवसांनी निरोप आला की पासपोर्ट सापडलेत. उपयोग शून्य. हरवला म्हणून एकदा नोंदवला की तो नंबर रद्द होतो, सापडला तरी त्यावर प्रवास करता येत नाही. माझं मत सांगायचं तर खोलीवर ठेवा. आणि नवरा-बायकोचे दोन्ही एका पिशवीत तर कधीच नको.

छत्रपती संभाजीनगरहून

लातूरच्या काकांचं दुःख कळतं, पण धागाकर्ते जपानला चाललेत आणि तिथं "खोलीवर ठेवा" हा सल्ला चालत नाही. थोड्या दिवसांसाठी आलेल्या परदेशी माणसानं पासपोर्ट सतत जवळ बाळगायचा असा तिथला कायदाच आहे. सोळा वर्षांखालच्या मुलांना सूट. जवळ नसेल तर 1 लाख येनपर्यंत दंडाची तरतूद आहे. जे तिथं राहायला असतात त्यांना रहिवासी कार्ड मिळतं, मग त्यांनी ते बाळगायचं.

मी कंपनीच्या कामानं तीन आठवडे टोकियोत होतो. रविवारी उएनोच्या बागेबाहेर दोन पोलिसांनी थांबवलं. अतिशय नम्र, कमरेत वाकून वगैरे. मी मोबाईलमधला फोटो दाखवला. चालेना. डिजिलॉकर दाखवायला निघालो होतो, आता आठवलं की हसू येतं. शेवटी दोघं माझ्याबरोबर चालत हॉटेलपर्यंत आले, मी तिजोरी उघडून पासपोर्ट दाखवला, त्यांनी आभार मानले आणि गेले. दंड नाही, ओरडा नाही. फक्त हॉटेलच्या काउंटरवरचे लोक मी काय चोरलं असेल अशा नजरेनं बघत होते.

आणि एक, दुकानात करमाफी हवी असेल तर मूळ पासपोर्टच मागतात, झेरॉक्स घेत नाहीत. बायको बरोबर आहे म्हणजे तो लागणारच.

(धागाकर्ता: आमच्यापुरता निकाल लागला म्हणायचं. सासऱ्यांना वाचून दाखवलं, ते "बरं" म्हणून बाहेर शतपावलीला गेले. पण बाकीच्यांनी थांबू नका, हे वेगवेगळं ऐकायला मजा येतीय.)

नांदेडहून

आम्ही दख्खनी शीख. घरात मराठीच बोलतो, म्हणून इथं लिहायला हक्कानं आलो. सीमेपलीकडचा आमचा प्रवास जेमतेम काही किलोमीटरचा, पण देश दुसरा. पाकिस्तानातला कर्तारपूर साहिब गुरुद्वारा. नोव्हेंबर 2019 मध्ये कॉरिडॉर, म्हणजे यात्रेकरूंसाठीचा खास रस्ता, सुरू झाला, मे 2025 मध्ये आपल्या बाजूनं बंद झाला. आम्ही मधल्या काळात वडिलांना घेऊन गेलो. व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट लागतो, आणि सकाळी जाऊन त्याच दिवशी परत यायचं. खोलीवर ठेवायला खोलीच नसते. गंमत म्हणजे त्यावर शिक्का मारत नाहीत. वीस डॉलर भरले, पोलिओचे दोन थेंब घेतले. वडील ऐंशीचे, थेंब घेताना म्हणाले, आता शाळेत पण घाला मला.

दिवसभर पासपोर्ट त्यांच्या गळ्यातल्या कापडी पिशवीत होता. लंगरला बसताना मी म्हणलो, बापू, माझ्याकडं द्या. नाही दिला. माथा टेकताना पिशवी पुढं लोंबायची, ते एका हातानं धरायचे आणि दुसऱ्या हातानं नमस्कार. त्यांचे वडील फाळणीआधी तिकडं जाऊन आले होते, विनाकागद. हे ते दिवसात चार वेळा म्हणाले.

परभणीहून

2018 ला अम्मीला घेऊन हजला गेलो, औरंगाबादहून विमान. आमच्यापुढं हा प्रश्नच नव्हता, उतरल्यावर तिथल्या व्यवस्थेनं सगळ्यांचे पासपोर्ट जमा करून घेतले. हातात मनगटपट्टा आणि गळ्यात ओळखपत्र, बस्स. अम्मीला पहिले आठ दिवस झोप नाही. "आपला कागद परक्याच्या हातात" एवढंच. निघायच्या दिवशी बसमध्ये परत मिळाले तेव्हा तिनं आधी स्वतःचा फोटो नीट निरखून बघितला. दुसऱ्या कुणाचा दिला नाही ना म्हणून.

जालन्याहून

फुकेत. भाड्याची स्कूटर घ्यायची तर दुकानदार म्हणला पासपोर्ट ठेवा. आम्ही चौघं येडे, एकानं ठेवला. परत देताना त्यानं मडगार्डवर ओरखडा दाखवला, आमच्या मते तो आधीचाच होता. पण पासपोर्ट त्याच्या गल्ल्यात, मग काय बोलता? मागितले तेवढे मोजले. दोन दुकानं सोडून पुढं रोख डिपॉझिटवर गाडी मिळत होती, हे नंतर दिसलं. पासपोर्ट सरकारी मालमत्ता असतो, आपली सुद्धा नसते, तर ती स्कूटरवाल्याला गहाण कशी टाकायची? पण तवा कुठं सुचतंय.

धाराशिवहून

अमेरिकेत मुलाकडं होतो. त्यानं पासपोर्ट कपाटात ठेवून दिले, "इथं कुणी विचारत नाही बाबा." नंतर ग्रँड कॅन्यन बघायला लास व्हेगासचं विमान. देशातल्या देशात आहे म्हणून तोही विसरला. विमानतळावर ओळखपत्र म्हणून मी माझं आधार कार्ड काढलं. तपासणीच्या बाईनं ते दोन्ही बाजूंनी बघितलं आणि हसून परत दिलं. ते विमान गेलं, संध्याकाळच्यानं गेलो. आता तिकडं गेलो की पासपोर्ट आणि आय-94 चा कागद (अमेरिकेत आल्याची सरकारी नोंद) दोन्ही बरोबर.

हिंगोलीहून

खोलीवर ठेवणाऱ्यांसाठी. सिंगापूरला आम्ही तिजोरीत ठेवले आणि थेट विमानतळावर आठवले. टॅक्सीनं परत, घामाघूम. पुढच्या वेळी मलेशियात बायकोनं तोडगा काढला. बाबा रात्री दातांची कवळी काढतात, ती डबी तिनं तिजोरीत पासपोर्टवर ठेवायला लावली. सकाळी नाश्त्याला जायचं तर तिजोरी उघडावीच लागते. बाबा रागावले, पण काही विसरलं नाही.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. ठरलं असं: तिघांचे पासपोर्ट तिघांच्या अंगावर, झेरॉक्स सुटकेसमध्ये, नंबर लातूरच्या काकांसारखे भाच्याकडं नकोत, बहिणीकडं, ती लवकर उठते. आईनं गल्लीतल्या शिंपिणीकडून परकराला आतून चोरखिसा शिवून घेतलाय, वर दोन टिचबटनं. काल घरात घालून बघितला. मी विचारलं, रस्त्यात पोलिसानं मागितला तर काढणार कसा?

म्हणाली, "त्याला म्हनावं, तिकडं तोंड कर."