गावांच्या नावात पक्षी कुठून आले?

रानवाट: मोरगाव, मोराची चिंचोली ही नावं खरंच मोरांवरूनच पडली का? की गोष्टी मागाहून जोडल्या? कुणी सांगेल का नीट.

कऱ्हाकाठ: मोरगावचं दोन्ही सांगतात, एक तर पूर्वी तिथे मोर भरपूर होते आणि दुसरं म्हणजे गणपतीने मोरावर बसून सिंधुरासुराला मारलं म्हणून मयूरेश्वर. मला पहिलं जास्त पटतं, आधी मोर दिसल्याशिवाय देवाला मोराचं वाहन कोण देईल? चिंचोलीचं तर सरळच आहे, चिंचा असल्या की गाव चिंचोली, अशी राज्यात ढिगाने आहेत, मग शिरूर तालुक्यातली नेमकी कुठली हे सांगायला मोर लागले. अजूनही सकाळी उजाडता उजाडता शेताच्या बांधावर दाणे टिपताना दिसतात, जाऊन बघाच.

दक्षिणवारी: चेन्नईचं मैलापूर पण मोरावरूनच, तमिळमध्ये मोर म्हणजे मयिल. पार्वतीने मोराच्या रूपात शंकराची पूजा केली अशी कथा कपालीश्वराच्या देवळात सांगतात. पण मला खरी हुरहूर लावतं ते महाबलीपुरमजवळचं तिरुक्कळुकुंड्रम, म्हणजे गिधाडांची पवित्र टेकडी. तिथे दुपारी पांढऱ्या गिधाडांची जोडी यायची आणि पुजारी हाताने भात भरवायचे, आता ती येत नाहीत. देशभर गिधाडं संपत आली ती मुख्यतः गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधामुळे, मेलेली गुरं खाल्ली की ते गिधाडांच्या पोटात जायचं. गुरांसाठी त्यावर २००६ मध्ये बंदी आली पण फार उशिरा.

रानवाट: चिंचोलीचं लॉजिक एकदम पटलं. गिधाडांचं वाचून वाईट वाटलं खूप.