बोटीवर रांधायला काय घ्यावं, स्पिरिटची शेगडी का गॅस?

पवनी_काठचा
नमस्कार मंडळी. गोसीखुर्दच्या बॅकवॉटरमध्ये आमची फायबरची बोट आहे, २२ फुटाची, मासेमारीचीच. यंदा तिच्यावर पत्र्याचं छप्पर टाकून घेतलं, तिन्ही बाजूनं ताडपत्री, आन् बुडावर फळ्या मारून बसाझोपायले सपाट जागा केली. जाळं टाकलं का रात्रभर पाण्यावरच राहा लागते, धरण भरलं का पाणी असं पसरते का जेवासाठी काठावर येणं परवडत नाई, त्यात जलपर्णी दाटली का मोटरच्या पंख्याले गुंडाळते आन् तासभर तिथंच. आतापर्यंत लोखंडी घमेल्यात विटा मांडून लाकडावर भात शिजवत होतो, पण फायबरवर इस्तव म्हणजे जीवाले घोर. पोरगा मोबाईलवर दाखवून रायला का बाहेरदेशी शिडाच्या बोटीवर लोक स्पिरिटच्या, म्हणजे अल्कोहोलवर चालणाऱ्या, शेगड्या ठेवतात, गॅसले भेतात. मले हेच समजत नाई, जे घरोघरी चालते ते बोटीवर काऊन नाई चालत? चौघांचा भात, वरण, कधी झिंगे, सकाळचा चहा, एवढंच रांधणं आहे. अनुभव असंल तर सांगा ना जी.

बंदरावरचा_रामटेककर
दादा, तुमचा पोरगा बरोबर बोलतोय. मी कोकणातल्या मच्छीमार बोटींवर इंजिनाचं काम करतो, तिथे गॅस चालतो पण त्याचे नियम वेगळे. घरी गॅस लीक झाला तर तो जमिनीवरून दाराखालून बाहेर जातो, खिडकी उघडली, भागलं. एलपीजी हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो, आणि बोटीला खाली दार नसतं. बोटीचं बूड म्हणजे बंद भांडं, त्यात तो पाण्यासारखा जाऊन बसतो आणि हलत नाही. हवेत २ टक्क्यांच्या आसपास गॅस झाला की ठिणगी पुरते, मग ती बिडीची असो की बॅटरीवरच्या पंपाच्या स्विचची. वास येतो म्हणाल, तर वासाचं औषध गॅसमध्येच मिसळलेलं असतं, तेही गॅससोबत खालीच बसतं, वर उभ्या माणसाच्या नाकाला उशिरा कळतं.

स्पिरिटचं तसं नाही. सांडलं तर पुसता येतं, आणि ते पाण्यात मिसळतं म्हणून भरपूर पाणी ओतलं की विझतं. अर्धा तांब्या नको, थोड्या पाण्यानं पेटतं स्पिरिट तरंगत पुढे सरकतं. त्या शिडाच्या बोटींवर जास्त करून ओरिगो नावाची स्वीडनची शेगडी असायची, आता बनवणं बंद झालंय. तिच्यात पंप नाही, डब्यात कापसासारखं भरण असतं ते स्पिरिट पिऊन घेतं, डबा आडवा झाला तरी भळभळ सांडत नाही. पंपाची स्पिरिट शेगडी मात्र घेऊ नका, आपल्या रॉकेलच्या स्टोसारखी आधी तापवावी लागते आणि नीट तापली नाही की छपरापर्यंत भडका.

वडसा_देसाईगंज
भाऊ शेगडी सांगितली पण स्पिरिट कुठून आणाचं ते नाई सांगितलं. आमच्या गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, बोटीत स्पिरिटची कॅन सापडली तर चौकीत कोणाकोणाले समजावत बसाल? भंडाऱ्यात बंदी नसली तरी डिनेचर्ड स्पिरिट (कोणी पिऊ नये म्हणून विषारी केलेलं) उत्पादन शुल्कच्या कायद्यातच येते, परवान्याचा विषय आहे. मंग माणूस पॉलिशवाल्याकडून नाईतर पेंटच्या दुकानातून लेबल नसलेली बाटली आणते आन् तिच्यात मिथेनॉल असंल तर दिसाले तसंच, वासाले जवळपास तसंच. त्याची वाफ बंद छपराखाली घेणं वाईट, आन् कोणी अंधारात पाणी समजून घोट घेतला तर डोळे जातात, जीवही जाते. बोटीवर पोरंसोरं येत असतील तर हे आधी पाहा.

दुसरं म्हणजे आपला उन्हाळा. स्पिरिटची वाफ १७ डिग्रीच्या आतच पेट घ्याच्या लायक होते, आपल्याकडं मे महिन्यात ४५. पत्र्याखाली ठेवलेली कॅन उघडली का वाफ बाहेर, आन् तेही हवेपेक्षा जडच, म्हणजे बुडातच जाणार. थंड देशाचं गणित इकडं जसंच्या तसं लागत नाई. दिवसा त्याची ज्योतही दिसत नाई, विझली समजून लोक गरम शेगडीत परत ओततात आन् हात भाजून घेतात. आन् आच निम्मी. ५ किलो गॅसचं काम कराले ११ लिटरच्या जवळपास स्पिरिट लागते. चौघांचा भात व्हाले किती वेळ बसाल?

पवनी_काठचा
दोघायचंही पटलं म्हणून जास्तच घोळ झाला. फळ्याखाली हातभर पोकळी आहे, पाणी साचते, रोज उपसा लागते. बॅटरी एक आहे, दोन बल्ब. मोटर पेट्रोलची, मागं.

शेगडी_रिपेअर_भंडारा
मी गॅसच्या फिटिंगचंच काम करतो म्हणून गॅसची बाजू घेऊन रायलो असं समजू नका. तुमच्या बोटीले चार बाजूनं भिंती असत्या तर मी स्वतः नाई म्हटलं असतं. पण तुमची ताडपत्री गुंडाळता येते, तर गॅस जमते, फक्त सिलिंडर छपराखाली ठेवाचा नाई.

५ किलोचा छोटू सिलिंडर घ्या, घरचा १४.२ वाला नाई, तो घरगुती वापरासाठी आहे आन् बोटीत हलवणं कठीण. सिलिंडर उभाच पायजे, आडवा झाला तर गॅसच्या जागी पातळ रस येते. त्याले एक पेटी बनवा, वरून झाकण, आन् पेटीच्या बुडातून एक पाइप काढून बोटीच्या काठाबाहेर पाण्याच्या वर सोडा. लीक झालाच तर गॅस पेटीतून सरळ बाहेर, बुडात उतराले रस्ताच नाई. सगळी अक्कल त्या पाइपात आहे. तो तिरपा खालीच उतरला पायजे, मधात वाक आला का पाणी अडते आन् पाइप बुजते.

नळी आयएसआयची सुरक्षा ट्यूबच, ५ वर्षांनी बदला, आन् फळीच्या कोरीवर घासते तिथं रबर लावा, घरी नळी हलत नाई, बोटीत रोज हलते. दर आठवड्याले साबणाचा फेस लावून जोड पाहा, माचिस लावून नाई. रांधणं झालं का आधी सिलिंडरवरून बंद करा, नळीतला गॅस शेगडीवर जळून संपू द्या, मंग बटन बंद. शेगडी फळीले नटबोल्टनं पक्की करा आन् भोवती चार बोटं उंच पट्टी लावा, टुरिस्टची मोटरबोट बाजूनं गेली का लाटेनं भाताचं भांडं सरकते.

बंदरावरचा_रामटेककर
ही पेटी केली तर माझी हरकत नाही, कोकणातही चांगल्या बोटींवर हेच असतं. पण चारही बाजू बंद केबिन असती तर मी अजूनही स्पिरिटच म्हटलं असतं. एक गोष्ट दोन्ही शेगड्यांना लागू. थंडीत ताडपत्री पाडून ऊब यावी म्हणून शेगडी पेटती ठेवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, झोपलेला माणूस उठत नाही. रांधताना दोन बाजू वर पाहिजेत, पाऊस असला तरी.

पवनी_काठचा
मंग गॅसच. पोराले सांगतो, त्याले थोडं वाईट वाटंल. पेटी पुढं ठेवू का मागं?

शेगडी_रिपेअर_भंडारा
पुढं. मागं मोटर आन् पेट्रोलची टाकी आहे, तिच्याजवळ कायले नेता. आन् फळ्या खिळ्यानं ठोकल्या असतील तर शेगडीखालची एक फळी सुटी करा. सकाळी पहिला चहा ठेवाच्या आधी ती उचलून खाली वास घ्या, पाणी उपसा, मंगच काडी ओढा.