फवारणी बंद केल्याशिवाय खरं रोप कळत नाही

कुणीतरी लिहिलंय की बियांपासून आलेल्या गुलाबाच्या रोपांना दर आठवड्याला बुरशीनाशक मारा नाहीतर हातचं जाईल. शोभेच्या बागेला ठीक आहे, पण नवीन जात काढायची असेल तर हे अगदी उलटं होतं, कारण मग नाजूक कोण न् काटक कोण हे कळणारच कसं? अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या विल्यम रॅडलरने 'नॉक आउट' हे झुडपी गुलाब काढलं (२००० मध्ये बाजारात आलं) तेव्हा तो काळ्या ठिपक्यांची (हा गुलाबाचा बुरशीचा रोग) रोगट पानं वाळवून, त्यांची पूड करून मुद्दाम रोपांवर टाकायचा, वर पाणी शिंपडून पानं ओली ठेवायचा, आणि जे तगेल तेच पुढे.

मी पण गेल्या पावसाळ्यात मन घट्ट करून २३ रोपं तशीच उघड्यावर सोडली, ऑगस्टअखेर १९ची नुसती काडी उरली, बायको म्हणाली हे काय स्मशान केलंय गच्चीवर 😄 उरलेल्या ४ पैकी एकाचं फूल अगदीच फिकट, पण पान असं चकचकीत की तेच पुढच्या क्रॉसला (संकराला) आई, म्हणजे बी धरणारं झाड, म्हणून ठेवलंय.