ड्रॅगुनोव्ह मोडीत काढायची, की आधी काडतुसं सुधारायची?

रामदासपेठ: नियंत्रण रेषेवर साको टीआरजी-42 ही नवी स्नायपर रायफल आली तेव्हापासून 'ड्रॅगुनोव्ह मोडीत काढा' असाच सूर ऐकू येतो. मला हे पटत नाही. 1963 साली सोव्हिएत सैन्यात आलेली ड्रॅगुनोव्ह रायफल तुकडीसोबत धावणाऱ्या नेमबाजासाठी घडवली होती: 10 गोळ्यांचं मॅगझिन, वजन साडेचार किलोच्या आसपास, दर गोळीला हाताने बोल्ट (गोळी भरायचा दांडा) न ओढता लगेच दुसरी गोळी. तिच्यात मशीनगनची साधी काडतुसं भरली तर मारा पसरणारच. स्नायपरसाठीचं 7एन1 काडतूस वेगळंच बनतं. दोष काडतुसाचा, शिव्या रायफलला.

कामठी रोड: भाऊ, अर्धंच सांगितलं. नळीच्या आतला, गोळीला फिरवणारा पीळ आधी 320 मिमीला एक फेरा होता. चिलखतभेदी आगलावी गोळी स्थिर राहावी म्हणून तो 240 केला आणि नेम सैल झाला. काडतूस बदलून हा पीळ बदलत नाही. त्यात नळी बारीक. लागोपाठ झाडल्या की तापते आणि मारा सरकतो. साकोसारख्या बोल्ट रायफलीत गोळी नळीबाहेर पडेपर्यंत यंत्रणेतलं काही हलत नाही. साकोच्या .338 लापुआ काडतुसाची 16.2 ग्रॅमची गोळी 1200 मीटरवरही आवाजापेक्षा वेगात असते. ड्रॅगुनोव्हच्या 7.62 ची त्याच्या कितीतरी आधी त्या वेगाखाली येते आणि डगमगते.

रामदासपेठ: दाट जंगलात 300 मीटरपलीकडे दिसतच नाही, तिथे 1200 चं काय करायचं? तिथे दुसरी गोळी किती लवकर सुटते यावर सगळं आहे.

महाल: तापमानाचं कोणीच बोललं नाही. आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा 45 ला जातो. काडतुसातली दारू तापली की दाब वाढतो, वेग वाढतो. थंडीत झिरो केलेली (दुर्बीण माऱ्याशी जुळवलेली) रायफल लांबवर वर मारते. तापलेल्या नळीत काडतूस भरून ठेवलं तर आणखीच. साको असो की ड्रॅगुनोव्ह, काडतुसं सावलीत, एकाच लॉटची, आणि लॉट बदलला की पुन्हा झिरो. पैसा आधी एकसारख्या काडतुसांवर लावा.

कामठी रोड: लॉटचं एकदम मान्य. पण ड्रॅगुनोव्हच्या मूळच्या पीएसओ-1 दुर्बिणीची ताकद 4 पट. 800 मीटरवरचा माणूस त्यातून नुसत्या डोळ्याला 200 मीटरवर दिसावा तेवढाच. हातात बंदूक आहे की काठी, हे ठरवायला तेवढं पुरत नाही.

रामदासपेठ: मग दुर्बीण बदला, रायफल कशाला? बाजूला दुर्बीण बसवायची पट्टी आहेच.

कामठी रोड: आहे, पण त्या पट्टीवरून दुर्बीण काढून पुन्हा बसवली की झिरो तपासावाच लागतो.