अनुभव धागा : रेडिओवरची नाताळची गाणी, भक्तीची आणि बर्फाची

धागाकर्ती, न्यू जर्सी
नोव्हेंबरच्या मध्याला इथली काही एफएम केंद्रे नेहमीची गाणी बाजूला ठेवून चोवीस तास नाताळची गाणी लावतात. मी ती आवडीने ऐकते. पण त्यांत बर्फ, घसरगाडी, सांता आणि भेटवस्तूच फार असतात. काल घरी परतताना तासाभरात सोळा गाणी मोजली, त्यांतली येशूच्या जन्माची दोनच होती. मी ख्रिस्ती नाही, तरीही आषाढात रेडिओवर नुसती पावसाची गाणी लागावीत आणि विठ्ठलाचे नावच येऊ नये, तसे मला वाटते. आपले अनुभव अवश्य लिहावेत.

शिकागोहून
मला मात्र बर्फाच्या गाण्यांनीच आधार दिला. इथल्या पहिल्या डिसेंबरात पहाटे मी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होते, बोटे बधिर झाली होती, आणि आत रेडिओवर अमेरिकन गायक बिंग क्रॉस्बींनी १९४२ साली पहिल्यांदा ध्वनिमुद्रित केलेले ‘व्हाइट ख्रिसमस’ चालू होते. ते लिहिणारे अर्व्हिंग बर्लिन रशियन साम्राज्यातून लहानपणी अमेरिकेत आलेले ज्यू. गाण्याच्या सुरुवातीचे कडवे सहसा गायले जात नाही. त्यात गाणारा लॉस एंजेलिसच्या उन्हात उभा आहे आणि त्याला उत्तरेच्या बर्फाची ओढ लागली आहे. दुसऱ्या महायुद्धात घरापासून दूर असलेल्या सैनिकांनी हे गाणे पुन्हा पुन्हा का मागितले, ते मला त्या पहाटे उमगले. माझ्यासमोर बर्फ होता आणि मला नाशिकची हुरड्याची शेकोटी हवी होती. या गाण्यात देवाचे नाव नाही म्हणून ते उथळ आहे, असे मला कधीच म्हणवणार नाही.

ओहायोहून
विद्यार्थी असताना मी विद्यापीठाच्या रेडिओ केंद्रावर श्रोत्यांचे फोन घेत असे. एका संध्याकाळी येशूच्या जन्माचे ‘सायलेंट नाइट’ लावले, तेव्हा तुम्ही धर्मप्रचार करता का, असे एकाने रागाने विचारले. थोड्याच वेळात सांताची गाडी ओढणाऱ्या रेनडिअरचे गाणे लागले, तर दुसऱ्याने नाताळातून ख्रिस्ताला हद्दपार केल्याबद्दल खडसावले. दोघेही मनापासून दुखावलेले होते. जाहिरातींवर चालणारी केंद्रे कोणालाच न खुपणारी गाणी का निवडतात, ते मला तेव्हा कळले.

मूळ वसई, सध्या टोरोंटो
आमच्या घरी नाताळच्या गाण्यांत अशी वाटणी नव्हती. ‘सायलेंट नाइट’ १८१८ साली ऑस्ट्रियातल्या ओबेर्नडोर्फ गावी गिटारच्या साथीने प्रथम गायले गेले, हे मला पुष्कळ पुढे समजले. आमच्यासाठी ते आईने धाकट्याला मांडीवर थोपटत मराठीतून म्हटलेले अंगाईगीत होते. माझी खरी तक्रार वेगळी आहे. नाताळाआधीचा आमचा आगमनकाळ हा वाट पाहण्याचा काळ, आणि नाताळचा आनंद सुरू होतो तो २५ डिसेंबरला; पण मी ऐकते ते केंद्र दीड महिना नाताळ वाजवून २६ तारखेच्या सकाळी एकदम थांबते. घरात येशूजन्माचा गोठा मांडलेला असतो, बाळाच्या दर्शनाला येणारे तीन राजे अजून वाटेत असतात आणि रेडिओवर सण संपलेला असतो. याचे मला दरवर्षी वाईट वाटते.

लंडनहून
२४ डिसेंबरला दुपारी तीन वाजता बीबीसी रेडिओ ४ वर केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजातली नाताळगीतांची उपासना लागते. ती १९१८ साली सुरू झाली आणि १९२८ पासून, १९३० चा अपवाद वगळता, दरवर्षी प्रक्षेपित होत आली आहे. त्या वेळी मी मटारच्या करंज्या करत असते. पहिल्या गीताचे पहिले कडवे एकच मुलगा साथीशिवाय गातो आणि ते कोणी गायचे, हे ऐन वेळी ठरते. त्याने पहिला स्वर लावण्यापूर्वी क्षणभर काहीच ऐकू येत नाही. तेवढा वेळ माझे लाटणे थांबते. मी घरी गणपती बसवणारी बाई आहे, पण त्या स्वराला हात जोडावेसे वाटतात. रेडिओच्या बटणाला दरवर्षी पीठ लागते.

धागाकर्ती, न्यू जर्सी
लंडनच्या ताईंनी लिहिलेली उपासना अमेरिकेतही अनेक सार्वजनिक रेडिओ केंद्रांवरून थेट ऐकता येते. पूर्व किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात. यंदा मी त्या वेळी घरीच आहे.