आशाताईंच्या समजावून सांगण्याचे पैसे वेगळे द्यावेत का?

मांजराकाठ:
परवा भाचीला बघायला गेलो होतो. बाळ सात दिवसांचं. आजीनं सहाणेवर गुटी उगाळून ठेवलेली. तेवढ्यात आशाताई, म्हणजे घरोघरी फिरून आरोग्याचं सांगणाऱ्या गावातल्या आशा कार्यकर्त्या, आल्या. मला वाटलं आता आजीवर तोंड टाकतात. तसलं काही नाही. चहा घेतला, आजीची किती लेकरं झाली, किती जगली ते विचारलं. आजी बराच वेळ बोलली, मधे डोळे पुसले. मग ताईंनी बाळ झोळीत घालून वजन केलं, ताप बघितला आणि सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा का नको ते सांगितलं. उठताना आजीनंच सहाण आत नेऊन ठेवली.

दवाखान्यात बाळंतपण झालं की ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा आशाताईंच्या ६ भेटी असतात. सगळ्या झाल्या की त्यांना २५० रुपये. खुरपायला गेली तर बाईला एका दिवसात जवळपास तेवढे मिळतात. माझं म्हणणं, या बोलण्याचं दरमहा ठरावीक मानधन असावं. भेटीमागं, कागदामागं नको.

तूरडाळ:
भाची नशीबवान. आमच्या गल्लीत ताई दारातूनच विचारतात, ‘बाळ बरंय ना? सही करा.’ २०२३-२४ च्या संपानंतर राज्यानं महिन्याला ५००० वाढवून दिलेच ना? सांगणं वाढलं का? ठरावीक पैसे दिले तर दारापर्यंतही यायच्या नाहीत. आधी आरोग्य केंद्रात रात्री डॉक्टर राहील ते बघा.

गटप्रवर्तक_परभणी:
दारातून सही घेणाऱ्या आहेत, नाही म्हणणार नाही. मी ज्या आशांवर देखरेख करते, त्या माझ्याच गटात दोन होत्या. पण दादा, २००५ पासून त्यांना ‘स्वयंसेविका’ म्हणायचं आणि काम नोकरासारखं घ्यायचं असं चाललंय. साधारण हजार माणसांमागं एक आशा. सर्वेक्षण आलं की ती, मोहीम आली की ती, वर मोबाईलमध्ये माहिती भरायची.

बोलण्याला वेळ किती लागतो ते सांगते. लेकराला जुलाब लागले की ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या देतो. गोळी १४ दिवस द्यायची असते. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले की आई गोळी बंद करते. तिचंही खरंच, बऱ्या लेकराला औषध कोण देतं? पुढच्या जुलाबापासून लेकरू वाचावं म्हणून ती गोळी आहे, हे पटवायला त्याच घरी तीनदा जावं लागतं. त्या तीन चकरांना कागदावर रकानाच नाही.

कोयता_धारूर:
तुम्ही सगळे घरी बसलेल्या आईबद्दल बोलायलेत. आमच्याकडं दसरा-दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला फडावर. बाळ ३, ६, ९, १२, १५ महिन्यांचं झालं की आशानं भेटायचं असतं म्हणे. कुठं भेटणार? लेकरू कोल्हापूरकडं नाहीतर कर्नाटकात, फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत. नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस तिथंच हुकते.

माझ्या बायकोला अंगावर पाजायचं कळत नव्हतं का? पहाटे मोळ्या बांधायला लागायची, लेकरू उसाच्या पाचटावर. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत कुणाला दम नाही. अशा बाईला शिकवायला जाणं म्हणजे दोष तिच्याच माथी मारणं.

मांजराकाठ:
हे माझ्या डोक्यात नव्हतं. पण म्हणून सांगणं फुकट, असं मी म्हणणार नाही. बीडच्या वेशीला लागून जामखेड आहे. आरोळे डॉक्टर नवरा-बायकोनं १९७० मध्ये तिथं काम सुरू केलं आणि गावातल्याच बायका तयार केल्या, त्यातल्या किती तरी निरक्षर. गडचिरोलीत बंग दांपत्यानंही गावातल्या बायकांच्या हाती नवजात बाळाची काळजी दिली. सांगणारी आपल्यातलीच होती म्हणून ऐकलं गेलं. मग ऊसतोडीच्या टोळीतलीच एखादी बाई तयार करावी. कोपीवर तीच आशा.

तूरडाळ:
आणि ती बाई कोयता खाली ठेवून हिंडणार? तिचा खाडा कोण भरून देणार, मुकादम?

मांजराकाठ:
कारखान्यानं द्यावा. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी टनामागं १० रुपये घ्यायचं ठरलेलंच आहे.

तूरडाळ:
ठरलेलं लई असतं. पण चला, हे पटण्यासारखं आहे. गावातल्या आशेच्या मानधनाबद्दल माझं मत तेच.

गटप्रवर्तक_परभणी:
कोयतादादा, यंदा निघण्याआधी आशेकडून लसीचं कार्ड मागून घ्या, मोबाईलमध्ये फोटोही ठेवा. फडाजवळच्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात राहिलेली लस फुकट मिळते. तुम्ही तिथल्या गावचे नसला तरी चालतं, लस देतात.

कोयता_धारूर:
ताई, मागच्या साली कार्ड होतंच की. ट्रंकेत. लसीचा वार बुधवार होता आणि बुधवारी गाडी भरायची होती.