मदत हवी आहे: पद्मिनीच्या दरवाजाची हँडल्स, जाम झालेलं बटन आणि पुन्हा क्रोम

नमस्कार मंडळी,

बाबांची १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणायचं काम चालू आहे. इंजिन आणि ब्रेक झाले, पत्र्याचं कामही आमच्या मिस्त्रींनी झकास करून दिलं. रंगाला पाठवण्याआधी दरवाजांची बाहेरची हँडल्स उतरवली आणि आता काम तिथेच अडलंय. जुन्या गाड्यांची हँडल्स कोणी स्वतः खोलून पुन्हा क्रोम करून घेतली असतील, तर सविस्तर सांगा.

आतलं पॅनेल काढून नट सोडले की हँडल बाहेर येतं, तिथवर काही त्रास नाही. हँडल आणि पत्रा यांच्यामधलं रबर मात्र दगडासारखं कडक होऊन तुटलेलं निघालं. पावसाचं पाणी तिथूनच दारात उतरत असणार, कारण दाराच्या तळाची पाणी निघायची भोकं मातीने बुजली होती आणि आतून पत्रा गंजायला लागला होता. हँडल करायला घेणाऱ्यांनी ही भोकं आधी तारेने मोकळी करावीत, हे आवर्जून सांगतो.

आता मुख्य अडचण. ड्रायव्हरच्या दाराच्या हँडलचं बटन पूर्ण जाम आहे. मागची पिन ठोकून चपटी केलेली दिसते आणि तिच्याभोवती पांढरी भुकटी साचली आहे. लोखंडाचा गंज असा नसतो, म्हणून चुंबक लावून पाहिला. चिकटला नाही. मग आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला चाकूच्या टोकाने किंचित खरवडलं, तर खाली करडा धातू लागला, पितळेचा पिवळा नव्हे. म्हणजे हे जस्ताच्या मिश्रधातूचं डायकास्टिंग आहे, वितळलेला धातू दाबाने साच्यात भरून बनवलेलं. हा धातू साधारण ३८५ अंश सेल्सिअसलाच वितळतो, त्यामुळे "गॅसची ज्योत मारा, पिन सुटेल" हा गॅरेजमधला सल्ला मी मानलेला नाही. सध्या रोज थोडं भेदक तेल सोडून ठेवतोय. पिनच्या डोक्यात बारीक ड्रिल घालून ती काढावी का? भोक तिरकं गेलं तर मूठच फुटेल अशी भीती वाटते. पिनच्या जागी नंतर काय बसवलंत, तेही सांगा.

दुसरा प्रश्न प्लेटिंगचा. दोन हँडल्सवर फोड आले आहेत, आणि एकावर मुठीच्या वरच्या बाजूला, जिथे अंगठा टेकतो तिथे, सुईच्या टोकाएवढे खड्डे पडले आहेत. एमआयडीसीतला एक प्लेटिंगवाला म्हणतो, हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये बुडवतो, खड्डे जाईपर्यंत बफ मारतो, की झालं. मला हे पटत नाही. ते ॲसिड जस्तालाच खातं. शिवाय डायकास्टिंगची वरची साल घट्ट असते, तिच्याखाली माल सच्छिद्र असतो. साल घासून उडवली तर एका खड्ड्याच्या जागी दहा दिसतील, आणि हँडलच्या धारा, कडा बोथट होतील ते वेगळंच.

माझ्या माहितीप्रमाणे जुनं निकेल आणि तांबं विजेच्या उलट्या प्रवाहाने उतरवायचं, मग सायनाइडच्या बाथमध्ये तांब्याचा पातळ थर द्यायचा, खड्डे कथलाच्या डागाने (सोल्डरने) भरून घासायचे, पुन्हा तांबं, त्यावर निकेल आणि शेवटी क्रोम. चकाकी मुळात निकेलची असते, क्रोम हा वरचा अगदी पातळ पापुद्रा. लांबी (पुट्टी) भरून चालत नाही, तिच्यावर प्लेटिंग धरत नाही. हे काम घरी करण्यासारखं अजिबात नाही, सायनाइड आणि क्रोमिक ॲसिड दोन्ही जीवघेणी आहेत. म्हणून पुणे, मुंबई किंवा कोल्हापूरकडे डायकास्टिंगचं काम समजून करणारं कोणी असेल, चार नगांची छोटी ऑर्डर घेणारं, तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

"नवीन जोड घेऊन टाक" असं सुचवणाऱ्यांना आधीच सांगतो, बाजारातली नक्कल हातात घेऊन पाहिली आहे. हलकी आहे आणि दाराच्या वळणावर नीट बसत नाही, एका टोकाला फट राहते. मुंबईत पद्मिनी टॅक्सी होत्या तोवर भंगारात चांगली मूळ हँडल्स मिळायची. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची टॅक्सी बंद झाली, आता तोही रस्ता आटत चाललाय. चांगल्या स्थितीतलं डाव्या मागच्या दाराचं मूळ हँडल कुणाकडे पडून असेल तर योग्य किमतीला घ्यायला तयार आहे.

आणि रबराबद्दल: जुन्या तुकड्यावरून नमुना काढून शीट रबर कापून बसवलं तर पावसाळ्यात टिकेल का? किती मिलिमीटर जाडीचं घ्यावं? प्लेटिंग झाल्यावर थोडी जाडी वाढते, तेव्हा बटनाचं भोक झाकून ठेवायला सांगावं की नंतर साफ करावं, हेही अनुभवी लोकांनी सांगावं. चारही हँडल्सचे पुढून-मागून फोटो संध्याकाळी इथेच टाकतो.